आरन रॉजर्सनं अजून एक सीझन खेळावं का? कशावरून ठरवायचं?

तिसरा_डाऊन

जानेवारी 2026 मध्ये टेक्सन्सकडून प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) 30-6 असा मार खाल्ल्यापासून अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सच्या गोटात एकच वाद चालू आहे. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, रॉजर्स 2 डिसेंबर 2025 ला 42 चा झाला. एका बाजूचं म्हणणं: 2025 च्या सीझनला 24 टचडाऊन पास, फक्त 7 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेले पास), 10 विजय-7 पराभव आणि एएफसी नॉर्थ या चार संघांच्या डिव्हिजनचं विजेतेपद, चाळिशीपलीकडचा माणूस याहून जास्त काय करणार? दुसऱ्या बाजूचं: प्लेऑफमध्ये 146 यार्ड आणि टचडाऊन एकही नाही, हाच आजचा खरा रॉजर्स. त्यात 19 सीझननंतर कोच माइक टॉमलिननं पद सोडलं. नवा कोच जुन्या क्वार्टरबॅकला घेऊन पुढे जाणार की पाटी कोरी करणार, हेही अधांतरी.

मला कुणाचा कौल नकोय, निकष हवेत. सामना बघताना क्वार्टरबॅक उतरणीला लागलाय हे नेमकं कुठे दिसतं? आकडेवारीत कोणता आकडा खरं बोलतो आणि कोणता फसवतो? आणि संघानं त्याला ठेवायचंच ठरवलं, तर करार आणि सराव कसा आखावा?

एक विनंती. "ब्रेडी 43 व्या वर्षी सुपर बोल जिंकला" आणि "मरीनोचा शेवटचा सामना 62-7 असा गेला" ही जुन्या क्वार्टरबॅकची दोन उदाहरणं (सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना) एकमेकांच्या अंगावर फेकून थांबू नका. दोन्ही खरी आहेत, आणि त्यातून काहीच ठरत नाही.

पॉकेटप्रेमी

सगळे हात बघतात. हात सहसा शेवटी जातो, पाय आधी जातात. फेकण्याची ताकद जमिनीतून येते: मागचा पाय ढकलतो, पुढचा पाय रोवला जातो, कंबर फिरते आणि मग खांदा. यातली एक कडी ढिली झाली की चेंडू जातो तसाच, पण जरा उशिरा पोचतो. हे "जरा" किती, ते एका थ्रोवर मोजता येतं.

चेंडू डाव्या हॅशवर (प्ले जिथून सुरू होतो त्या आतल्या खुणेवर) आहे आणि उजव्या साइडलाइनकडे 12 यार्डांचा आउट (रिसीव्हर, म्हणजे झेलणारा, पुढे धावून बाहेर वळतो तो पास) फेकायचाय असं धरा. मैदानाची रुंदी 160 फूट, हॅश जवळच्या साइडलाइनपासून 70 फूट 9 इंच. म्हणजे पलीकडची साइडलाइन जवळपास 30 यार्ड लांब. रिसीव्हर रेषेच्या दोन यार्ड आत झेलतो आणि क्वार्टरबॅक स्क्रिमेजच्या (प्ले सुरू होतो त्या रेषेच्या) सात यार्ड मागे उभा असतो. तिरकं अंतर काढा: सुमारे 34 यार्ड, म्हणजे 101 फूट. मिळकत फक्त 12 यार्डांची. चेंडू ताशी 55 मैलांनी गेला तर 1.25 सेकंद लागतात, 50 मैलांनी गेला तर 1.38. फरक सेकंदाच्या आठव्या भागाचा. पण झेपावणारा कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पाळत ठेवणारा बचावपटू) सेकंदाला आठेक यार्ड कापतो, म्हणजे तेवढ्यात तो एक यार्ड जवळ आला. मघाशी जो पूर्ण झालेला पास होता, तिथे आता त्याचा हात आहे. (हवेचा रोध आणि चेंडूची कमान हिशेबात घेतलेली नाही, गणित मुद्दाम सोपं ठेवलंय.)

असे दोन चेंडू अडवले गेले की ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव ठरवणारा कोच) तो प्ले पुकारायचाच बंद करतो. म्हणून टीव्हीवर चूक दिसत नाही. न फेकलेला थ्रो दिसणार कसा?

तो दिसतो कॉर्नरबॅकच्या कमरेत. ऑल-22 कॅमेऱ्याची फिल्म काढा, ज्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. रिसीव्हर आठ-दहा यार्ड धावत आला की कॉर्नरला लांब चेंडूची भीती असेल तर तो कंबर वळवून मागे पळू लागतो. भीती नसेल तर तळपाय जमिनीला टेकवून तिथेच ठाण मांडतो आणि छोट्या रूटवर झडप घालायची वाट बघतो. डिफेन्सचं क्वार्टरबॅकबद्दल खरं मत काय आहे, ते पत्रकार परिषदेत नाही, इथे कळतं. सेफ्टींचंही (सर्वात मागच्या दोन बचावपटूंचंही) तसंच. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) वेळी दोघं बारा-चौदा यार्डांवर असतील तर मान राखून आहेत. एक जण आठ यार्डांवर उतरून बसला असेल तर तुमच्या क्वार्टरबॅकला त्यांनी मोजलेलं नाही.

दुसरी जागा म्हणजे पॉकेटमधली, म्हणजे लाइननं क्वार्टरबॅकभोवती राखलेल्या जागेतली, हालचाल. टॅकल (लाइनच्या कडेचा रक्षक) आपला पवित्रा घेतो तो क्वार्टरबॅक सात-आठ यार्ड मागे असेल हे धरून. कडेनं रशर (क्वार्टरबॅकवर चाल करणारा बचावपटू) आला की क्वार्टरबॅकनं पुढे, पॉकेटच्या तोंडाशी सरकायचं. रशर मागून निघून जातो. पायांवरचा भरवसा उडाला की माणूस पुढे सरकण्याऐवजी मागे सरकतो. तो दहा यार्डांवर गेला की रशरचा वळसा सरळ रेषा होऊन जातो. मग टेक्सन्सच्या विल अँडरसन किंवा डॅनिएल हंटरसारख्यांना अडवणं कुठल्याच टॅकलच्या हातात राहत नाही. सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट मागेच पाडणं) टॅकलच्या नावावर चढतो, कारण मात्र वेगळं असतं.

घरी करून बघायचं असेल तर चार सामने घ्या, दोन सप्टेंबरचे, दोन डिसेंबरचे. त्यातले फक्त तिसरा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात किंवा जास्त यार्ड बाकी असलेले प्ले काढा. सामन्याला असे पाच-सहा मिळतात. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: चेंडू पहिल्या डाऊनच्या खुणेपलीकडे गेला का, फेकताना पुढचा पाय रोवला होता की टाचेवर मागे झुकला होता, पहिल्या रिसीव्हरवरून नजर हटवून दुसऱ्याकडे गेला का, आणि कॉर्नरची कंबर. वीस-पंचवीस ओळी झाल्या की सप्टेंबर आणि डिसेंबर शेजारी ठेवा. सप्टेंबरात सगळेच ताजे असतात, उतार डिसेंबरच्या रकान्यात सापडतो.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला जोड देतो, कारण "फक्त 7 इंटरसेप्शन" हाच इथला सगळ्यात फसवा आकडा आहे.

उतरणीला लागलेले क्वार्टरबॅक दोन तऱ्हांनी पडतात. पहिली तऱ्हा: हात गेला तरी माणूस त्याच फटींत चेंडू घालत राहतो. ब्रेट फार्व्ह 2009 मध्ये चाळिशीचा होता: 33 टचडाऊन, 7 इंटरसेप्शन, दर पासमागे 7.9 यार्ड. पुढच्याच वर्षी 11 टचडाऊन, 19 इंटरसेप्शन. म्हणजे शंभर पासमागे इंटरसेप्शन 1.3 वरून 5.3 वर. पेटन मॅनिंग 2014 मध्ये 7.9 यार्ड आणि 2.5 टक्के, 2015 मध्ये 6.8 यार्ड आणि 5.1 टक्के, 9 टचडाऊनला 17 इंटरसेप्शन. त्या नोव्हेंबरात चीफ्सविरुद्ध 20 पैकी 5 पास, 35 यार्ड, 4 इंटरसेप्शन, आणि बाकावर. फार्व्हचा कारकिर्दीतल्या यार्डांचा विक्रम त्यानं मोडला तोही त्याच सामन्यात. ही तऱ्हा सगळ्यांना कळते, कारण स्कोअरबोर्डवर रक्त दिसतं.

दुसरी तऱ्हा शांत असते. माणूस हुशार असतो, आपला हात आता कुठवर पोचतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो मैदानच लहान करून घेतो. बेन रॉथलिसबर्गर 2018 ला दर पासमागे 7.6 यार्ड, कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर 2020 ला 6.3 आणि 2021 ला 6.2. इंटरसेप्शन 2021 मध्ये 605 पासांत फक्त 10. ब्रेडी 2021 ला 7.4, 43 टचडाऊन. 2022 ला 6.4, 25 टचडाऊन, पण इंटरसेप्शन 733 पासांत 9. कागदावर स्वच्छ. संघ मात्र 8-9.

रॉजर्स या दुसऱ्या रांगेत बसतो. 2011 ला 9.2 होते, ते सोडा, ते वर्षच निराळं होतं. 2021 ला, चौथ्या एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पुरस्काराच्या वर्षी, 7.7. मग 2022 ला 6.8, तेव्हा अंगठा मोडलेला होता म्हणून माफ. 2024 ला जेट्ससोबत 6.7. 2025 ला स्टीलर्ससोबत पुन्हा 6.7. इंटरसेप्शनचं प्रमाण मात्र 2.2, 1.9, 1.4 असं उतरत गेलंय. म्हणजे तो वर्षागणिक जास्त सावध होतोय, आणि लीगची सरासरी सातच्या आसपास असताना खालीच राहतोय. सर्वाधिक झेल कुणाचे? रनिंग बॅक (मुख्य काम चेंडू घेऊन धावणं) केनेथ गेनवेलचे. डी. के. मेटकाफसारखा लांब पल्ल्याचा रिसीव्हर संघात असताना ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुसरीही बाजू सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. तीन खेळलेल्या सीझनमध्ये हा आकडा 6.7-6.8 वर थांबलाय, कोसळलेला नाही. मॅनिंग आणि फार्व्ह एका वर्षात पडले, हा पठारावर चालतोय. पठार कुठे संपतं ते आधी कळत नाही, एवढंच.

पिवळा_टॉवेल

आकडेमोड, गणित बरोबर, निष्कर्षाला विरोध.

दर पासमागे यार्ड हा एकट्या क्वार्टरबॅकचा आकडा नाही. 2025 चा कोऑर्डिनेटर आर्थर स्मिथच्या ऑफेन्समध्ये टाइट एंड (लाइनला लागून उभा राहणारा रिसीव्हर) आणि बॅक यांना चेंडू जाणं हा डावाचाच भाग होता. शेवटच्या दोन नियमित सामन्यांत मेटकाफ निलंबित होता. तरी रेव्हन्सला 26-24 नं हरवून डिव्हिजन घेतलीच. रॉजर्स नसता तर बॅकअप मेसन रुडॉल्फ होता. तो शिकागोविरुद्ध खेळला, 31-28 नं हरलो. रुडॉल्फ वाईट खेळला असं नाही, पण सामन्यातला शेवटचा ड्राइव्ह कुणाच्या हाती द्यायला आवडेल, तेवढं सांगा.

टेक्सन्सच्या सामन्याचंही सगळं खापर एकावर नको. चौथा क्वार्टर सुरू होईपर्यंत फरक किरकोळ होता. त्यांचे दोन टचडाऊन तर डिफेन्सनंच केले. असल्या रशसमोर पंचविशीतले क्वार्टरबॅकही गुडघे टेकतात.

आणि मॅनिंगचं 2015 अर्धंच सांगितलंत. त्या वर्षी 17 इंटरसेप्शन टाकूनही डेन्व्हरनं सुपर बोल 50 जिंकला. पँथर्सविरुद्ध मॅनिंगचे 23 पैकी 13 पास, 141 यार्ड, टचडाऊन शून्य. 24-10. डिफेन्स असेल तर चालतं.

आकडेमोड

चालतं, पण तो डिफेन्स लीगमधला पहिल्या क्रमांकाचा होता आणि सामन्याचा एमव्हीपी त्याच डिफेन्समधला व्हॉन मिलर होता. डिफेन्समधला टी. जे. वॉट कितीही मोठा असला तरी पिट्सबर्गचा आजचा डिफेन्स तेवढा नाही. "डिफेन्स असेल तर" या अटीवर 42 वर्षांचा क्वार्टरबॅक ठेवायचा तर आधी ती अट पुरी करावी लागेल.

वातावरणाचा मुद्दा तुम्ही मांडला नाहीत, तो खरा तर तुमच्याच बाजूचा होता. चाळिशीच्या आसपास चांगले खेळलेले क्वार्टरबॅक बघा. फार्व्हचं 2009 मिनेसोटात, मेट्रोडोमच्या छताखाली. ब्रीज सुपरडोममध्ये. 2020 चा रिव्हर्स इंडियानापोलिसला, छताखाली: 4,169 यार्ड, संघ 11-5. ब्रेडी म्हातारपणी टॅम्पाच्या उबेत गेला. यंदा 37 व्या वर्षी 46 टचडाऊन करणारा मॅथ्यू स्टॅफर्डही लॉस एंजेलिसला छताखालीच खेळतो. एएफसी नॉर्थची चारही मैदानं उघडी: पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, बाल्टिमोर, सिनसिनाटी. थंडीत चेंडू कडक होतो, पकड सुटते, वाऱ्यात संथ चेंडू भरकटतो. वर पॉकेटप्रेमींनी जो सेकंदाचा आठवा भाग काढलाय, तो जानेवारीत पिट्सबर्गला जास्त महाग पडतो. म्हणून आकडे सारखेच असले तरी रॉजर्सचं काम स्टॅफर्डपेक्षा अवघड आहे हे मान्य. पण मग त्या हवामानात त्याच्या हातून जास्त अपेक्षा करणं हे त्याहून अवघड.

स्टॅफर्डचा दाखला देणाऱ्यांनी आणखी एक बघावं: त्याचे दर पासमागे यार्ड आठच्या जवळ आहेत. तो मैदान लहान करत नाहीये. वय जास्त असणं वेगळं आणि उतरणीला लागणं वेगळं.

सांधेजोड

पायांबद्दल थोडं, कारण इथे अकिलीसचा (टाचेमागच्या कंडरेचा) उल्लेख अजून कुणी केलाच नाही.

11 सप्टेंबर 2023 ला बिल्सविरुद्ध रॉजर्सचं अकिलीस तुटलं ते डाव्या पायाचं. जेट्ससाठीचा त्याचा तो चौथा स्नॅप. उजव्या हातानं फेकणाऱ्याचा डावा पाय म्हणजे पुढचा, रोवायचा पाय. तो ब्रेक लावतो. ब्रेक कडक असेल तरच मागून आलेला वेग कंबरेतून खांद्याकडे जातो. कंडरा शिवल्यावर ती मूळच्यापेक्षा थोडी लांब भरून येते. त्यामुळे पोटरी आकसून पूर्ण जोर लावू शकत नाही. सरळ धावणं, सामान्य चालणं नऊ ते बारा महिन्यांत जमतं, पण एका पायावर टाच किती उंच उचलता येते यातली तूट पुढेही राहते, आणि वय जास्त असेल तर ती भरून निघण्याची शक्यता कमी. 2024 ला तो सतराही सामने खेळला, म्हणजे दुरुस्ती टिकली. प्रश्न टिकण्याचा नाहीये, अचानक दिशा बदलून निसटण्याचा आहे. जुना रॉजर्स पॉकेट मोडलं की डावीकडे पळत, हवेत असताना फेकायचा. तो पर्याय गेला की चेंडू लवकर सोडणं हाच उपाय राहतो. चेंडू सर्वात झटपट सोडणाऱ्यांत तो आज का आहे, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

यंदा डाव्या मनगटाचंही हाड मोडलं. फेकायचा हात नाही म्हणून लोकांनी दुर्लक्ष केलं. सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) मागे चिकटून स्नॅप घेताना उजवा हात वर आणि डावा खाली असतो. चेंडू आदळतो आणि खालचा हात तो बंद करतो. ते मनगट दुखत असेल तर संघाला शॉटगनमधून (सेंटरपासून काही यार्ड मागे उभं राहून) जास्त खेळावं लागतं. सेंटरच्या मागून केलेला प्ले-अॅक्शन (धावण्याचं सोंग करून फेकणं) कमी होतो. आणि लाइनबॅकरना (मधल्या फळीतल्या बचावपटूंना) पुढे ओढून त्यांच्या मागे 15-20 यार्डांवर फेकण्याची सोय याच प्ले-अॅक्शनमध्ये असते. म्हणजे न फेकणाऱ्या हाताच्या दुखापतीनंही मैदान लहान होतं. यंदाच्या आकड्यांतला काही वाटा वयाचा नसून मनगटाचा असू शकतो, हे आकडेमोडांनी लक्षात घ्यावं.

मोठ्या वयात खरा धोका एकट्या दुखापतीचा नसतो, एकीतून दुसरी निघण्याचा असतो. मॅनिंग 2014 च्या शेवटी मांडीच्या स्नायूवर खेळला, 2015 ला तळपायाचं दुखणं. ब्रीज 2019 ला अंगठा, 2020 ला अकरा बरगड्या आणि फुप्फुस. एक जागा सांभाळताना माणूस दुसरीवर भार टाकतो. म्हणून वैद्यकीय तपासणीत फक्त जुनी जागा बघून भागत नाही. दोन्ही पायांची एका पायावरची उडी, टाच उचलण्याची उंची, दोन्ही खांद्यांचा फिरण्याचा पल्ला, हे डावं-उजवं तुलना करून मोजायला हवं. दहा टक्क्यांच्या आत फरक हा खेळात परतण्यासाठी सर्रास वापरला जाणारा निकष आहे.

पॉकेटप्रेमी

मनगटाचा मुद्दा पटला. फिल्म काढताना दुखापतीआधीचे आणि नंतरचे सामने वेगळे ठेवा, माझी सप्टेंबर-डिसेंबरची विभागणी इथे गफलत करेल.

डेड_कॅप

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. म्हाताऱ्या क्वार्टरबॅकनं संघ बुडत नाही, त्याच्या करारानं बुडतो.

साइनिंग बोनस हातात लगेच मिळतो, पण सॅलरी कॅपवर (संघाच्या वार्षिक पगारखर्चाच्या मर्यादेत) तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटता येतो. खेळाडू एकच वर्ष खेळणार असेल तरी संघ कराराला पुढे चार पोकळ वर्षं जोडतात, ज्यांना व्हॉइड इयर म्हणतात. समजा बोनस 2.5 कोटी डॉलर. दर वर्षी कॅपवर 50 लाख. पहिल्या वर्षी स्वस्त वाटतं. खेळाडू गेला की उरलेले 2 कोटी पुढच्या वर्षी एकदम कॅपवर येऊन पडतात, आणि त्या बदल्यात मैदानावर कुणीच नसतं. 1 जूननंतर सोडल्याचं दाखवलं तर ते दोन वर्षांत विभागता येतं, नाहीसं मात्र होत नाही.

झालेली उदाहरणं: ब्रेडी गेल्यावर 2023 ला टॅम्पाच्या कॅपवर 3.51 कोटी. मॅट रायनला कोल्ट्सकडे धाडल्यावर 2022 ला अटलांटावर 4.05 कोटी. खुद्द रॉजर्समुळे 2023 ला पॅकर्सवर 4.03 कोटी, जेट्सवर एकूण 4.9 कोटी, त्यातले 1.4 कोटी 2025 ला आणि 3.5 कोटी 2026 ला. जेट्स 2026 मध्ये त्याला 3.5 कोटींची जागा देतायत, तो त्यांच्यासाठी खेळत नसताना. 2025 चा कॅपच 27.92 कोटी होता, त्यावरून अंदाज घ्या.

पिट्सबर्गनं यात शहाणपणा दाखवला: एक वर्ष, 1.365 कोटी, त्यातले 1 कोटी हमीचे, बोनस धरून फार तर 1.95 कोटी. हा करार फसला असता तरी एका वर्षात निस्तरला असता. पुन्हा ठेवायचं तर साचा हाच, फक्त हमी कमी आणि दर सामन्यामागे मिळणारा रोस्टर बोनस जास्त. जो त्या दिवशी मैदानात उतरायच्या यादीत असेल त्यालाच तो मिळतो, त्यामुळे दुखापतीचा भार आपोआप वाटला जातो.

कामगिरीच्या बोनसमध्ये एक खोच आहे. मागच्या वर्षी जी पातळी गाठली होती तीच अट ठेवली तर तो बोनस "मिळण्याची शक्यता आहे" असा धरला जातो आणि याच वर्षीच्या कॅपवर बसतो. मागच्या वर्षी न गाठलेली पातळी असेल तर या वर्षी कॅपवर शून्य, मिळालाच तर पुढच्या वर्षी बसतो. म्हणजे 24 टचडाऊनवर लावलेली अट आज महाग, 25 वर लावलेली आज फुकट. प्लेऑफच्या विजयावर बोनस लावणं याहून सोपं. मॅनिंगनं 2015 ला 1.9 कोटींवरून 1.5 कोटी घेतले होते आणि कापलेले 40 लाख परत मिळवायला दोन अटी होत्या: एएफसी जिंकल्यास 20 लाख, सुपर बोल जिंकल्यास आणखी 20. दोन्ही मिळाले. क्वार्टरबॅकला जिंकायला राहायचंय की पगाराला, हे अशा अटी पुढे ठेवल्यावर पाच मिनिटांत कळतं.

पिवळा_टॉवेल

पैशाचं पटलं. पण पर्याय काय, हे कुणीच सांगत नाहीये. वाइल्ड कार्डमध्ये (प्लेऑफच्या पहिल्या फेरीत) हरलेले सहा संघ ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 19 ते 24 च्या पट्ट्यात निवडतात. तिथवर क्वार्टरबॅक उरत नाहीत. आपला नवखा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड सहाव्या फेरीतला, त्यानं अजून एकाही सामन्याची सुरुवात केलेली नाही. रॉजर्सला घालवून 10-7 चा संघ 6-11 करायचा, हेच का धोरण?

आकडेमोड

खुद्द रॉजर्स 24 व्या क्रमांकावर निवडला गेला होता, 2005 ला. जॉर्डन लव्ह 26 व्या, 2020 ला. दोघंही तीन-तीन वर्षं बाकावर बसले आणि मग उतरले. पट्टा वाईट नाही, थांबायची तयारी लागते.

तिसरा_डाऊन

सगळ्यांचे आभार, फार उपयोगी. माझ्या लेखी चित्र असं दिसतं: एक वर्षाचा, कमी हमीचा करार, मनगट आणि पायाची डावी-उजवी तपासणी, आणि मागे कुणीतरी तयार करणं. शेवटचा भाग कसा जमवायचा? सीझन चालू असताना बॅकअपला सरावच मिळत नाही ना?

पॉकेटप्रेमी

मिळतो, ठरवलं तर. रविवारच्या सामन्याचा आठवडा असा असतो: बुधवारी मुख्य डाव बसवतात, गुरुवारी तिसरा डाऊन, शुक्रवारी रेड झोन (शेवटच्या वीस यार्डांतले डाव). बहुतेक संघांत पहिल्या चमूसोबतचे जवळपास सगळे स्नॅप मुख्य क्वार्टरबॅकच घेतो. बॅकअप समोरच्या संघाची नक्कल करणारा स्काउट संघ चालवतो, म्हणजे दुसऱ्याचेच डाव. ज्येष्ठ खेळाडूला बुधवारी विश्रांती देण्याची पद्धत लीगभर आहेच. मग बुधवार संपूर्ण हॉवर्डचा करा, पहिल्या लाइनमागे, पहिल्या रिसीव्हरसोबत. रॉजर्स मागे हेडसेट लावून उभा राहील. त्याला डाव बसवायला बुधवार लागत नाही, तो वीस वर्षं हेच बघतोय. गुरुवार आणि शुक्रवार त्याचे. एका सीझनमध्ये हे पंधरा-सोळा बुधवार होतात. नवख्याला एवढी शाळा दुसरीकडे मिळत नाही.

एक अडचण: गुरुवारी रात्री सामना असेल त्या आठवड्यात हे जमत नाही, तेव्हा पूर्ण सरावच नसतो, नुसती चालत-चालत उजळणी होते. आणि याच आठवड्यात म्हाताऱ्या पायांना भरून यायला सर्वात कमी वेळ मिळतो. मी कोच असतो तर तो एक सामना आधीच हॉवर्डच्या नावावर लिहून ठेवला असता. लोक ओरडतील, ओरडू द्यावं.

डेड_कॅप

आणि तारीख. 2025 ला तो जूनमध्ये, सक्तीच्या मिनीकॅम्पच्या तोंडावर सही करायला आला. तोवर फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंची भरती) आणि ड्राफ्ट दोन्ही उरकले होते. संघानं रिसीव्हर आणि लाइन निवडली ती क्वार्टरबॅक कोण हे माहीत नसताना. यंदा हो किंवा नाही मार्चच्या मध्याला, लीगचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत हवं. तोवर उत्तर आलं नाही तर ते "नाही" धरून पुढच्या कामाला लागायचं. एप्रिल 2026 मधला ड्राफ्ट पिट्सबर्गमध्येच. घरच्या अंगणात बसून, क्वार्टरबॅकचा फोन येईल म्हणून वाट बघत निवड करणं बरं दिसणार नाही.

पिवळा_टॉवेल

मार्च मान्य. गुरुवारचा सामना हॉवर्डला द्यायचा मुद्दा मात्र अमान्य, तो सामना डिव्हिजनमधला निघाला तर काय करणार?

पॉकेटप्रेमी

मग त्याच्या आधीच्या रविवारी रॉजर्सला बसवा. हिशेब एका सामन्याच्या विश्रांतीचा आहे, वाराचा नाही.